केसांची उशी

तापीकाठच्या प्रकाशा गावात, बाजारगल्लीत, दगूबाईचं शिवणाचं दुकान आहे. तिथं येणाऱ्या प्रत्येक बाईला वाटतं की दगूबाई आपलं माप टेपनं घेते. टेप गळ्यात असते ती लोकांच्या समाधानासाठी. खरं माप ती दुसरीकडंच घेते. समोरची बाई बोलता बोलता हातातली सुई सुयांच्या उशीत कशी खोचते, ते दगूबाई चष्म्याच्या वरून बघते आणि मनातल्या मनात तिच्या नावापुढं काय ते लिहून मोकळी होते. सुई बुडाशी धरून सरळ रोवणारी बाई शेजारणीचं पातेलं घासून परत करणार. लांबूनच भोसकल्यासारखी खुपसणारीच्या घरात सुनेनं जपून राहावं. आणि सुई दातात धरून उशी कुठं ठेवली ते शोधत बसणारीला दगूबाई काही लिहितच नाही, तिच्यापुढं एक पेरू ठेवते.

उशा ती स्वतः करते. ब्लाऊजपीस कापून जे बोटभर, चारबोट उरतं, त्याचं बाकीच्या शिंपिणी पायपुसणं करतात. दगूबाईच्या हातात त्याचं लिंबू होतं, कैरी होते, टरबुजाची फोड होते. पण तिची खासियत म्हणजे भरताचं वांगं. फिकट हिरवं, मुठीत न मावणारं, वर काळ्या दोऱ्याचा देठ. हे वांगं बघून शहाद्याची एक बाई म्हणाली होती, आता भाकरी तेवढी द्या. तिच्याकडं शिवण शिकलेल्या पोरी लग्न होऊन नंदुरबारला, सुरतेला गेल्या, त्यांनी भांडी बदलली, फोन बदलले, एकीनं नवराही बदलला, पण माहेरी आल्या की पर्समधून उसवलेलं वांगं काढून दगूबाईपुढं ठेवतात. बाजारात डझनानं मिळणारी उशी त्यांना चालत नाही. का ते त्यांना सांगता येत नाही. हातात घेऊन दाबतात, नाकाशी नेतात आणि ओशाळं हसतात.

या सगळ्या उशांत कापूस असतो आणि थोडा लाकडाचा भुसा. एक सोडून. दगूबाईच्या मशीनवर डाव्या अंगाला जे हिरवं वांगं बसलेलं असायचं, त्यात तिच्याखेरीज कुणी सुई खोचायची नाही. खोचली तर ती काही बोलायची नाही, नुसती सुई काढून बाईच्या हातात परत द्यायची. एकदा असं झालं की दुसऱ्यांदा कुणी करत नसे.

त्या वांग्यात काय होतं, हे दगूबाईशिवाय फक्त मोगराबाईला ठाऊक होतं.

मोगराबाई पावरा आदिवासी, सातपुड्यात मोलगीच्या वरच्या पाड्यातली. कापूस वेचायला टोळीबरोबर खाली आली होती. एका बाजाराच्या दिवशी फाटकं पोलकं घेऊन दुकानात शिरली आणि म्हणाली, शिवायला वेळ नसेल तर सुई दे, मी शिवते. दगूबाईनं सुई दिली. तिनं घातलेली शिवण उजेडात धरूनही सापडेना. टोळी गेली, मोगराबाई राहिली. तेव्हापासून हेम, काज, बटण, फॉल सगळं तिच्या हातचं. गावानंही तिला मानलं, गावाच्या पद्धतीनं. तिच्या हातची हेम सगळ्यांना हवी असायची. तिनं भरून दिलेल्या पाण्याच्या वेळी मात्र पुष्कळजणींना नेमकी तहान नसायची.

वांग्यात केस होते. दगूबाईच्या लेकीचे, निशाचे.

धानोऱ्याला माहेरी दगूबाईची आई अशी केसांची उशी करायची. केसात तेल मुरलेलं असतं, त्यामुळं सुई गंजत नाही, आत जाताना अडत नाही, बाहेर येते ती नुकतीच पाजळल्यासारखी. आता गळलेले केस कुणी ठेवत नाही, केसवाली येते आणि त्यावर वाटी देऊन जाते. निशाला सुरतेच्या दवाखान्यात दाखल केलं, औषध सुरू झालं, आणि गुडघ्याला टेकणारी तिची वेणी आठवड्याभरात उशाशी उतरली. ती रडली नाही. शिवणारी पोर होती, आईपेक्षा हात हलका. सकाळी उठून पलंगावरचे केस गोळा करायची, सरळ करायची, त्यांची जुडी बांधायची. आईला म्हणाली होती, "केसवालीले देशी नको. एवढा केसवर ती घंगाळ देई, आनि बाबा त्यामा आंघोळ करतीन." मग थोड्या वेळानं, डोळे मिटून, "उशी कर याची. भुसा भरू नको हां. सुया गंजतस."

निशा गेली. मोगराबाईनं त्या जुड्या शिकेकाईत धुतल्या, माळ्यावर सावलीत वाळवल्या, आणि दगूबाईनं हिरव्या खणाचं वांगं शिवलं.

एवढ्यावर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण गाव प्रकाशा. इथं तापीवर लोक लांबून आपली माणसं पोचवायला येतात, आणि दगूबाईचा नवरा उमाकांत केदारेश्वराच्या घाटावर दर्भ, तीळ, द्रोण, वाती विकतो. विकता विकता त्याला भटजींपेक्षा जास्त कळायला लागलं आहे. कुणाचं काय चुकलं, काय राहिलं, लोक त्याला विचारून जातात. गेलेल्या माणसाचे केस, नखं घरात राहिली की जीव उंबऱ्यापाशी घुटमळतो, हे तो रोज कुणाला ना कुणाला सांगतो. आणि त्याच्याच स्वप्नात निशा यायची. उंबऱ्यावर उभी, डोक्यावरून ओढणी, मागत काही नाही, आतही येत नाही.

"काहीतरी मांगे ऱ्हायनं शे," तो सकाळी चहा घेताना म्हणायचा. दरवर्षी तो तिच्यासाठी पुन्हा पिंड करायचा, पुन्हा तर्पण करायचा, यंदा ह्या भटजींकडून, पुढच्या वर्षी त्या. पूर्वी तो बायकोला 'निशानी माय', निशाची आई, म्हणून हाक मारायचा. ते बंद झालं. आता नुसतं 'ऐकस का'.

दगूबाई ऐकायची आणि वांग्यात सुई खोचायची. काय मागं राहिलंय ते तिला माहीत होतं. तिचा या सगळ्यावर विश्वास होता का? अर्धा. दिवेलागणीनंतर ती स्वतः कुणाला सुई देत नसे, मागणारीला उद्या ये म्हणायची. पण अर्ध्या विश्वासापायी लेकीचा शेवटचा शब्द मोडायला ती तयार नव्हती, आणि नवऱ्याला सांगितलं तर तो त्याच पावली घाटावर जाईल हेही तिला ठाऊक होतं. तो झोपेत कण्हायचा, ती जागी असायची. हिशेबाला पक्की बाई, हा एक हिशेब मात्र तिनं कधी पुरा केला नाही.

एका शनिवारी ती उमाकांतला डबा द्यायला घाटावर गेली होती. दुकानात मोगराबाई एकटी. तेवढ्यात सुनिता आली, मागल्या गल्लीतली, सून संध्याला घेऊन. संध्याला पाचवा महिना. याआधी दोनदा राहिलेलं टिकलं नव्हतं. म्हणून सुनिता सुनेला काचेच्या भांड्यासारखी नेत-आणत होती, आणि गल्लीतल्या पायऱ्यासुद्धा आधी स्वतः उतरून बघत होती. ब्लाऊज छातीत घट्ट होत होता, सैल करून हवा होता. मोगराबाईनं टाचण्यांचा डबा उघडला, तो रिकामा. शोधायला वेळ नव्हता, संध्या उभी होती. दगूबाईच्या टाचण्या खोचलेलं हिरवं वांगं मोगराबाईनं उचललं.

दोन टाचण्या नीट लागल्या. तिसरीला संध्या शिंकली आणि टाचणी तिला टोचली. ती दचकली, मोगराबाईच्या हातातलं वांगं निसटलं. सुनितानं ते वरच्यावर झेललं, पण अशा जोरानं की देठाशी जुनी शिवण उसवली. तिच्या मुठीतून लांब, काळेभोर केस बाहेर आले, आणि केसात सुया. पोटात गडप झालेल्या, वर्षानुवर्षं कुणी न पाहिलेल्या, चकचकीत सुया.

सुनिता केसांकडं बघत राहिली. मग सुनेच्या वेणीकडं बघितलं.

"हाई काय शे वं?"

"उशी शे," मोगराबाई म्हणाली.

"ते माले दिसी ऱ्हायनं. केस कोना शेतस?"

मोगराबाई बोलली नाही. आता जिला उत्तर माहीत आहे आणि जी देत नाही, तिच्याबद्दल बघणाऱ्यानं काय समजावं? सुनितानं मशीनवरचा पेपर ओढला, वांगं त्यात गुंडाळलं आणि सुनेला पुढं घालून निघून गेली. दुपारी संध्याच्या पोटात दुखायला लागलं. तिला शहाद्याला दवाखान्यात नेलं.

दगूबाई घाटावरून परत येईपर्यंत बातमी तिच्या आधी दुकानात पोचली होती. गल्लीच्या या टोकाला ती केसांची होती, त्या टोकाला जाईपर्यंत तिच्यात लिंबू आणि हळदकुंकू मिसळलं होतं. पहाडातली बाई, पहाडातली विद्या. मोगराबाईनं ज्यांच्या लग्नाच्या साड्यांना फॉल लावले होते, त्या बायका आपापल्या जुन्या दुखण्यांच्या तारखा जुळवून बघायला लागल्या. जुळत होत्या. तारखा जुळवायला बसलं की जुळतातच. मोगराबाईच्या घरमालकानं निरोप धाडला, खोली लागणार आहे. आणि सुनिताच्या घरून निरोप आला तो उमाकांतला. उद्या सकाळी एक जाणता माणूस येणार आहे, तो त्या वस्तूचा बंदोबस्त करील. तुम्हाला यातलं कळतं, तुम्हीही या.

दिवेलागणीला दुकानात दोघीच होत्या. मोगराबाई आपली कात्री, बोटात घालायचं अंगुस्तान, चष्म्याची डबी कापडात बांधत होती.

"तू का सांगं नही?" दगूबाईनं विचारलं.

"काय सांगू? पोर तुन्ही. नवरा तुन्हा. इतला वरीस तू बोलनी नही, आनि मी बोलू?"

"त्या तुले काढतीन गावमधून."

"काढतीन." तिनं गाठ मारली. "सकायनी जीप शे मोलगीनी. तठेबी लोके फाटका कपडा घालतस."

दगूबाई उभी राहिली. डाव्या हातानं मशीनवर चाचपत होती. तिथं उशी नव्हती, आणि सुई दुसऱ्या हातात तशीच होती, कुठं ठेवावी ते कळेना. शेवटी तिनं ती पदराला टोचली.

"तुले सांगस मी," मोगराबाई खाली बघतच म्हणाली. "त्या उशीले उद्या बत्ती लागी गई तं तुन्हंबी मोकळं व्हई. नवराले कळाव नही. केस जळी जातीन. मी निंघी जासू. सगळं बरं व्हई."

यात टोमणा होता की खरंच सोय सांगितली होती, हे दगूबाईला ठरवता आलं नाही. पण सोय होती. ती घरी चालत गेली तेव्हा त्या सोयीला पायात घोटाळणाऱ्या मांजरासारखी टाळत गेली.

सकाळी सुनिताच्या अंगणात माणसं जमली. पेपरचं पुडकं मधोमध ठेवून त्यावर टोपली पालथी घातली होती आणि टोपलीवर वरवंटा. पळून जाऊ नये म्हणून. जाणता माणूस अजून पोचला नव्हता, मोटारसायकल पंक्चर झाल्याचा त्याचा फोन आला होता. सुनिता ओट्यावर बसली होती. रात्रभर दवाखान्यात बसून आलेली. डॉक्टरांनी संध्याला पडून राहायला सांगितलं होतं, बाळाचे ठोके ठीक आहेत म्हणाले होते. पण दोनदा ठोके ठीक आहेत हे ऐकून रिकाम्या हातांनी घरी आलेल्या बाईला त्या वाक्यानं धीर येत नाही. तिच्या डोळ्यांत राग कमी होता. भीती जास्त होती. दगूबाईनं ते बघितलं, आणि तिच्या नावापुढं लिहिलेलं जुनं काहीतरी मनातल्या मनात खोडलं.

उमाकांत आधीच येऊन बसला होता. तो बायकोला बघून चकित झाला, पण चारचौघांत काही बोलला नाही.

"सुनिताबाई," दगूबाई म्हणाली, "ती उशी मन्ही शे. मोगराबाईनं हात लाया तो नाइलाजनं. माले परत दे."

"उशी तुन्ही ऱ्हाई. केस कोना?"

"मन्हाच."

सुनितानं तिच्या डोक्याकडं बघितलं. अंगणातल्या सगळ्यांनीच बघितलं. "तुन्हा अंबाडा सुपारी एवढा. तोबी पांढरा. तठे तं हातभर काया केस शेतस."

"केसवालीपाईन लिधात."

"मंग ती कोना डोकाना लई उनी? मेलेल बाईना शेतस का जितीना, कोनले माहीत? आनि त्याच केसनी सुई मन्ही सूनले लागनी."

हे खोटं आधीच्याहून वाईट पडलं. आता उमाकांत बोलला. त्याला विचारायलाच बोलावलं होतं, आणि तो विचारल्याशिवाय कधी बोलत नसे, पण हा प्रश्न त्याच्या रोजच्या कामातला होता. त्यानं शांतपणे सांगितलं, "अनोळखी केस नदीत सोडू नयेत. ज्याचं नाव-गोत्र माहीत नाही त्याला तापी तरी कुठं पोचवणार? जाळणंच बरं. जाणता नाही आला तरी चालेल. मी कापूर आणलाय." घाटावर गिऱ्हाइकाशी बोलताना त्याची भाषा अशी शुद्ध व्हायची.

त्यानं खिशातून कापराची डबी काढली. टोपलीवरचा वरवंटा बाजूला केला. टोपली उचलली.

"जाळू नका," दगूबाई म्हणाली.

तो तसाच थांबला.

"नाव-गोत्र माहीत शे. निशाना शेतस."

दगूबाई पुढं बोलली ती सुनिताकडं बघून. नवऱ्याकडं बघून तिला बोलता आलं नसतं. "सुरतले गळनात. तिनीच गोळा करात. उशी कर म्हणे, भुसा भरू नको म्हणे. मी करी. मोगराबाईनी त्या धोयात, तिले सगळं माहीत व्हतं. ती बोलनी नही, मन्हामुळे बोलनी नही. तिना दुसरा काहीच गुन्हा नही."

"निशा जाईसन इतला दिन व्हयनात," सुनिता हळूच म्हणाली. "हाई आते कशावरून खरं मानू?"

गळलेल्या केसांवर नाव नसतं. दगूबाईनं खाली बसून पेपर उलगडला, वांग्याची उसवलेली शिवण आणखी फाडली आणि सगळं पेपरावर उपडं केलं. सुया बाजूला पडल्या. केस मोकळे नव्हते. त्यांच्या जुड्या होत्या, एकेक जुडी वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं आवळलेली. पोपटी, नारंगी, राणी, आकाशी. शिकेकाईचा वास अजून गेला नव्हता.

उमाकांतनं कापराची डबी ओट्यावर ठेवली. तो खाली वाकला, गुडघे टेकले आणि नारंगी दोऱ्याची जुडी उचलून डोळ्यांजवळ नेली.

"हाऊ दोरा मी लयेल शे," तो म्हणाला.

त्यानं दोऱ्याचं टोक अंगठ्यानं सरळ केलं.

"दवाखानाना बाहेर दुकान व्हतं. ती म्हणे, बाबा, आज नारंगी लई या. दुसरा दिन म्हणे, पोपटी. मी लई दे. माले वाटे, भरतकाम करी ऱ्हायनी." तो जुडी फिरवत राहिला. गाठ निशाची होती, दोनदा फिरवून मधून काढलेली. ती चपलेचा तुटलेला बंदसुद्धा तशीच बांधायची. "मी रोज विचारू, काय करी ऱ्हायनी? ती म्हणे, झाल्यावर देखाडसू."

सुनितानं पदर तोंडाशी नेला. मग तिनं पायानं नव्हे, हातानं, पण बोटांच्या टोकांनीच, पेपर दगूबाईकडं सरकवला. तेवढं केलं. माफी वगैरे मागितली नाही. आत जाऊन फोन लावला आणि जाणत्याला सांगितलं, पंक्चर निघालं असलं तरी येऊ नका.

घाटाकडं जाताना उमाकांत पुढं आणि दगूबाई मागं होती, पेपर तिच्या हातात. कुठं चाललोय हे त्यानं सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. घाटाला नावाडी भटूची नाव लागलेली होती. भटू रोज अशीच माणसं घेऊन जातो, त्यामुळं कुणाशी कधी बोलायचं नाही हे त्याला कळतं. त्यानं नाव धारेकडं नेली आणि वल्हं आडवं टाकून पाठ करून बसला.

पाणी संथ होतं. ऊन वर आलं होतं.

"तू सांगाले पाहिजे व्हतं," उमाकांत म्हणाला.

"सांगं व्हतं तं तुम्ही सोडी देतात."

"सोडी देतू." तो थांबला. "हा. सोडीच देतू."

यापुढं भांडण सरकेना. दोघांचंही खरं होतं. दगूबाईनं मनात जमाखर्च मांडला तो असा. लेक जाऊन सहा वर्षं झाली. ती सहा वर्षं लेकीचे केस माझ्या हाताखाली होते. रोज सुई टोचताना मला लेक भेटत होती. याला काय भेटलं? उंबऱ्यावर उभी राहणारी, आत न येणारी पोर. माझ्या अर्ध्या विश्वासाला याच्या पुऱ्या विश्वासानं किती दिवस भाडं भरायचं?

तिनं पेपर मांडीवर उलगडला. "तुम्हीच सोडा," म्हणाली.

त्यानं जुडी हातात घेतली, आणि त्याचा हात पाण्यावर गेला, पण मूठ उघडेना. हजारो लोकांना त्यानं सांगितलं असेल, मागं वळून बघू नका, हात सैल सोडा. हात तसाच पाण्यावर राहिला. भटूची नाव धारेबरोबर हलकेच फिरली. शेवटी दगूबाईनं जुडी त्याच्या मुठीतून सोडवून घेतली.

बांधलेले केस पाण्यात टाकायचे नसतात, मोकळे करावे लागतात. तिनं गाठ नखानं उकलली. निशाची गाठ सहजी उकलत नसे, दातही लावावे लागले. दोरा सुटला, तो तिनं बोटाभोवती गुंडाळला, आणि केस वाकून पाण्यावर ठेवले. ते लगेच बुडाले नाहीत. पसरले, पूर्वी निशाच्या पाठीवर पसरायचे तसे, आणि मग खाली गेले. मग पोपटी. मग राणी. तिच्या बोटावरचे फेरे वाढत गेले. आकाशी दोरा सोडवताना तिच्या डोळ्यांपुढं धूसर झालं, आणि दोऱ्याचं टोक निसटून नावेबाहेर लोंबायला लागलं.

"निशानी माय," उमाकांत म्हणाला, "दोरा पाणीमा पडी जाई." आणि त्यानं वाकून ते टोक धरलं आणि तिच्या हातात दिलं.

मंत्र त्याला सगळे येत होते. त्या दिवशी त्यानं एकही म्हटला नाही.

स्वप्न त्यानंतर पडायचं थांबलं का, हे तिनं कधी विचारलं नाही. रात्री तो कण्हत नाही, एवढं तिला ऐकू येतं.

ती दुकानावर आली तेव्हा ऊन उतरत होतं. पायरीवर मोगराबाई बसली होती, मांडीवर गाठोडं.

"जीप?" दगूबाईनं विचारलं.

"भरेल व्हती."

मोलगीची जीप भरलेली असते हे बरोबर आहे, पण भरली म्हणून तिनं कुणाला मागं ठेवल्याचं आजवर ऐकिवात नाही. आत जागा संपली की टपावर असते, टप संपला की मागच्या शिडीवर. दगूबाईनं कुलूप उघडलं. "ये," म्हणाली.

मोगराबाई उठली नाही. "तू कालदिन सांगतीस तं बरं व्हतं," ती म्हणाली. "एक रात मी देखी. तू येशी का नही, तेच देखी ऱ्हायनू."

"हा," दगूबाई म्हणाली. तिनं दार पुरतं उघडलं आणि बाजूला झाली. मग मोगराबाई उठून आत आली, पण गाठोडं तिनं लगेच सोडलं नाही. ते तिसऱ्या दिवशी सुटलं.

नवीन उशी दोघींनी मिळून केली. खण हिरवाच, आकार वांग्याचाच. आत अगदी मधे रंगीत दोऱ्यांचं एक छोटं गुंडाळं, आणि त्याभोवती दोघींच्या फण्यांतून निघालेले केस, एकीचे पांढरे, एकीचे करडे. देठ शिवून झाल्यावर दगूबाईनं सवयीनं ती मशीनवर डाव्या अंगाला ठेवली. मोगराबाईनं उचलली आणि दोघींच्या मधल्या स्टुलावर ठेवली.

"आते आठे," ती म्हणाली. "एकलीनी नही."

खोलीचा मालक दोन दिवसांनी येऊन सांगून गेला की खोली लागणार नाही. बायका मात्र एकदम आल्या नाहीत. आधी ज्यांचं काम अडलं होतं त्या आल्या. मग ज्यांना काय झालं ते ऐकायचं होतं त्या फॉल लावायची साडी शोधून आल्या. तारखा जुळवलेल्या बायका सगळ्यांत शेवटी आल्या आणि पाणी मागून प्यायल्या. दगूबाईनं सगळ्यांची नोंद घेतली.

सुनिता आली तेव्हा संध्याला आठवा लागला होता. सून अजून पडूनच होती, पण बाळ हालत होतं, आणि तोच ब्लाऊज पुन्हा सैल करायला हवा होता. सुनितानं तो स्टुलाच्या कडेला ठेवला. बोलताना ती दगूबाईकडं बघत होती, मोगराबाईकडं बघत नव्हती. मग तिची नजर नव्या वांग्यावर गेली.

"यामा आते काय भरेल शे?"

"तुन्ह्या गप्पा," मोगराबाई म्हणाली, आणि सुईत दोरा ओवला.

सुनिता हसली नाही, पण जायलाही उठली नाही. बऱ्याच वेळानं तिनं कमरेच्या पिशवीतून कागदाची एक पुडी काढली आणि पहिल्यांदा मोगराबाईपुढं हात केला. पुडीत केस होते, तेलकट, गोळा केलेले.

मोगराबाईनं पुडीकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"संध्याना नहीत," सुनिता घाईनं म्हणाली. "मन्हा शेतस. तिना... आधी बाळ व्हऊ दे."

तिची भीती अजून अर्धी शिल्लक होती, आणि तिनं ती लपवली नाही. मोगराबाईनं पुडी उजेडाकडं धरली, एक केस ओढून बघितला.

"मेंदी लायेल शे," ती म्हणाली. "चाली."

मग तिनं वांग्याचा देठ उसवायला घेतला, आणि सुनितानं, मोगराबाईच्या हातातली सुई पडू नये म्हणून, ती धरली. धरून ठेवली, आणि काम होईपर्यंत कुठं खोचली नाही. दगूबाईनं चष्म्याच्या वरून ते बघितलं, आणि तिच्या नावापुढं काहीच लिहिलं नाही.